दहा जिंकल्या, दहा हरल्या

काही दिवसांपूर्वी वाक्वाच्या बाजूला एका लग्नघरी हळदीच्या संध्याकाळी आम्ही चारचौघे बोलत बसलो होतो. मुलीकडचा एक तरुण येऊन आमच्यात बसला. शेजारच्या वडीलधाऱ्या गृहस्थांनी रीतीप्रमाणे चौकशी केली, "काय करतोस बाळा?" तो म्हणाला, "काका, कॉलेजात खेळ शिकवतो." गृहस्थ म्हणाले, "ते झालंच रे, पण नोकरी कुठे करतोस?" सगळे हसले. तोही हसला. (बोलणे अर्थात क्रिओलमध्ये चालले होते, मी येथे मराठीत देतो आहे.) थोड्या वेळाने पाने मांडायला मदत करतो असे सांगून तो उठून गेला.

गृहस्थांच्या मनात काही वाईट नव्हते. आपल्या सगळ्यांच्याच मनात जे असते ते त्यांच्या तोंडून बाहेर पडले, इतकेच. गणिताचा मास्तर म्हणजे मास्तर, इंग्रजीचा मास्तर म्हणजे मास्तर; शिट्टी गळ्यात अडकवून मैदानात उभा राहणारा तो मात्र अर्धा मास्तर! त्या तरुणाने उत्तर दिले नाही. ते मी येथे देण्याचा प्रयत्न करतो, आणि त्यासाठी वाचकांना थोडे दूर, अमेरिकेत नेतो. तिथल्या एका बाईंनी बेचाळीस वर्षे एकाच जागी मुलींना हॉकी शिकवली. त्यांचे नाव कॅरन शेल्टन.

आधी दोन खुलासे केले पाहिजेत. आपल्याकडे कॉलेज म्हटले की फॉर्म वनपासून एच.एस.सी.पर्यंतची शाळा. अमेरिकेत कॉलेज म्हणजे त्याच्या पुढचे, विद्यापीठाचे शिक्षण. दुसरे असे की, अमेरिकेत नुसते हॉकी म्हटले तर लोकांच्या डोळ्यांसमोर बर्फावरचा खेळ येतो. ध्यानचंदांमुळे आपल्या घराघरांत ज्याचे नाव पोहोचले, त्या आपल्या हॉकीला तिथे 'फील्ड हॉकी' म्हणतात. आणि गंमत अशी की तो तिथे जवळजवळ मुलींचाच खेळ आहे. हिंदुस्थानात ज्या खेळाने पुरुषांना देव केले, तो अमेरिकेत मुली स्कर्ट घालून खेळतात, आणि मुलगे त्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

असे का झाले, याचे कारण एक बाईच आहेत. कॉन्स्टन्स ॲपलबी नावाच्या इंग्रज शिक्षिका १९०१ साली उन्हाळी अभ्यासक्रमासाठी हार्वर्डला गेल्या होत्या. व्यायामशाळेच्या मागच्या अंगणात, हाताला लागतील त्या काठ्या घेऊन त्यांनी आपल्या सोबतिणींना हा खेळ खेळून दाखवला. मग व्हॅसार, स्मिथ, वेलस्ली, ब्रिन मॉर अशा मुलींच्या कॉलेजांतून त्या काठ्या घेऊन फिरल्या. बायकांनी धावू नये, घाम गाळू नये, असे शहाण्यासुरत्या डॉक्टरांनीही सांगण्याचा तो काळ. ब्रिन मॉर कॉलेजात त्यांनी १९०४ पासून १९२८ पर्यंत काम केले. त्यानंतरही शिबिरांतून शिकवणे चालूच होते. त्या तब्बल १०७ वर्षे जगल्या आणि १९८१ च्या जानेवारीत वारल्या. त्याच १९८१ साली शेल्टनबाई नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात प्रशिक्षक म्हणून रुजू झाल्या. मी पंचांग पाहणारा माणूस नाही, पण हा योग मला आवडतो.

आपल्याकडे गाण्यात जसे घराणे सांगतात तसे येथेही सांगता येते. पेनसिल्व्हेनियातील अर्साइनस कॉलेजात एलेनॉर स्नेल या बाईंनी १९३१ पासून सुमारे चाळीस वर्षे हॉकी शिकवली. त्यांची शिष्या व्हॉनी ग्रोस. ग्रोसबाईंनी वेस्ट चेस्टर येथे मुली तयार केल्या आणि पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षक झाल्या. शेल्टन वेस्ट चेस्टरच्याच विद्यार्थिनी आणि ग्रोसबाईंच्या राष्ट्रीय संघातल्या खेळाडू. शेल्टनच्या हाताखालून तयार झालेली एक मुलगी आज त्यांच्याच जागेवर बसली आहे. तिच्याकडे नंतर येतो. एकीने दुसरीच्या हातात काठी दिली, असे हे नव्वद वर्षांहून जास्त चालले आहे.

शेल्टनबाईंचा जन्म १९५७ चा, होनोलुलूचा. म्हणजे हवाई बेटांवरचा. आपल्यासारखीच उसाची बेटे, आपल्यासारखीच जहाजांनी मजूर आणून वसवलेली. कॉलेजात असताना त्या देशातल्या सर्वोत्तम हॉकी खेळाडू ठरल्या, तेही तीनदा. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली होती. बायकांची हॉकी ऑलिंपिकमध्ये प्रथमच येत होती. पण अमेरिकेने बहिष्कार टाकला आणि सगळी मेहनत पाण्यात गेली. (त्या वेळी रिकाम्या जागा भरण्यासाठी आयत्या वेळी बोलावलेल्या आफ्रिकेतील झिंबाब्वेच्या मुलींनी सुवर्णपदक नेले आणि हिंदुस्थानच्या मुली चौथ्या आल्या, हे आपल्यापैकी फार थोड्यांना आठवत असेल.) दुसरा कोणी असता तर काठी अडगळीत टाकून मोकळा झाला असता. शेल्टनबाईंनी १९८१ मध्ये तेविसाव्या वर्षी प्रशिक्षकाची नोकरी धरली आणि स्वतःचा खेळही सोडला नाही.

१९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकची हकीकत तर ऐकण्यासारखी आहे. बायकांचे सहाच संघ होते, प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचे. अमेरिकेचे सामने संपले तेव्हा पदक हातचे गेल्यासारखे वाटत होते. शेवटच्या सामन्यात नेदरलंड्सने ऑस्ट्रेलियाला हरवले आणि अमेरिका व ऑस्ट्रेलिया तिसऱ्या जागेसाठी बरोबरीत आल्या. निकाल पेनल्टी स्ट्रोकवर लावायचे ठरले. अमेरिकेच्या मुली प्रेक्षकांत बसून सामना पाहत होत्या! त्या खाली मैदानात उतरल्या, काठ्या हातात घेतल्या आणि १०–५ असे जिंकून कांस्यपदक घेऊन गेल्या. ते मैदानही एका कॉलेजचेच होते, ईस्ट लॉस एंजेलिस कॉलेजचे. त्या संघात शेल्टन होत्या आणि बेथ अँडर्स होत्या. अँडर्सबाई ओल्ड डोमिनियन विद्यापीठाच्या प्रशिक्षक. म्हणजे उन्हाळ्यात एका संघात खांद्याला खांदा लावून खेळायचे आणि पानगळीच्या हंगामात आपापल्या मुली घेऊन एकमेकींसमोर उभे राहायचे.

आता अमेरिकेतील कॉलेजच्या प्रशिक्षकाचे काम नेमके काय असते ते सांगतो, कारण आपला सगळा गैरसमज तिथेच आहे. आपल्याला वाटते, शिट्टी फुंकायची, मुलींना चार फेऱ्या पळायला लावायचे, सामन्याच्या दिवशी बाजूला उभे राहून ओरडायचे. स्पर्धेचा हंगाम ऑगस्टच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत, जेमतेम तीन महिन्यांचा. मग उरलेले नऊ महिने? गावोगावच्या शाळांचे सामने पाहत फिरायचे, दोनतीन वर्षांनी कोणती मुलगी कशी होईल याचा अंदाज बांधायचा, तिच्या आईबापांच्या घरी जाऊन बसायचे, शिष्यवृत्तीचा हिशेब जुळवायचा. हॉकीच्या एका संघाला अनेक वर्षे फक्त बारा शिष्यवृत्त्या मिळत असत आणि संघात मुली वीसबावीस. बाराचे तुकडे करून सगळ्यांना वाटायचे म्हणजे एकत्र कुटुंबात भाकरी वाटणाऱ्या आजीचेच काम. शिवाय मुलगी अभ्यासात मागे पडली तर तिला खेळू देत नाहीत. तेव्हा तिच्या परीक्षांवरही प्रशिक्षकानेच डोळा ठेवायचा.

आणि सर्वांत अवघड गोष्ट ही की, एका मुलीला चारच हंगाम खेळता येते. चार वर्षे घासूनपुसून तयार केलेली मुलगी पदवी घेऊन निघून जाते आणि तिच्या जागी अठरा वर्षांची नवी, घाबरलेली मुलगी येऊन उभी राहते. व्यावसायिक क्लबाच्या प्रशिक्षकाला चांगला खेळाडू दहा वर्षे ठेवता येतो. कॉलेजच्या प्रशिक्षकाचा संघ दर चार वर्षांनी पुरता बदलतो. बेचाळीस वर्षांत शेल्टनबाईंनी असे दहाहून जास्त संघ पुन्हा पायापासून उभे केले. मातीचा गणपती दर वर्षी नवा करायचा असतो, आणि चांगल्या मूर्तिकाराची मूर्ती गावात दर वर्षी ओळखू येते, त्यातलाच हा प्रकार.

त्यात खेळही पायाखालून सरकत होता. शेल्टनबाई शिकल्या गवतावर, शिकवले कृत्रिम हिरवळीवर. ऑफसाइडचा नियम १९९० च्या दशकात गेला आणि बचावाची सगळी मांडणीच बदलली. २००९ मध्ये फ्री हिट स्वतःच स्वतःला देऊन पळण्याची मुभा मिळाली, खेळ दुप्पट वेगवान झाला. दोन भागांचा सत्तर मिनिटांचा खेळ पुढे चार भागांचा, साठ मिनिटांचा झाला. स्वतःच्या तरुणपणी जे शिकलो तेच जन्मभर शिकवत राहणे या धंद्यात चालत नाही. (आमच्या वर्गातले काही मास्तर पिवळ्या पडलेल्या वहीतून वर्षानुवर्षे तेच उतरवून देत असत. त्यांची आठवण होते.)

आता आकडे देतो. बेचाळीस हंगामांत शेल्टनबाईंचे संघ ७४५ सामने जिंकले, १७२ हरले, ९ बरोबरीत सुटले. निवृत्त झाल्या तेव्हा अमेरिकेच्या वरच्या श्रेणीच्या कॉलेज हॉकीत इतके विजय दुसऱ्या कोणाच्याही नावावर नव्हते. राष्ट्रीय विजेतेपदे दहा : १९८९, १९९५, १९९६, १९९७, २००७, २००९, २०१८, २०१९, २०२० आणि २०२२. (२०२० ची स्पर्धा महामारीमुळे २०२१ च्या वसंतात झाली.) २०१८ आणि २०१९ हे दोन हंगाम लागोपाठ एकही सामना न हरता काढले. २०१८ मध्ये विद्यापीठाने हॉकीचे नवे मैदान बांधले त्याला त्यांचेच नाव दिले. जिवंतपणी, नोकरीत असताना, मास्तरणीच्या नावाचे मैदान!

हे सर्व कोणत्याही चरित्रात सापडेल. मला जे सांगायचे आहे ते दुसऱ्या यादीत आहे, आणि ती यादी सहसा कोणी छापत नाही. १९८७, १९९०, १९९१, १९९३, १९९४, २०१०, २०११, २०१२, २०१५, २०१६. या दहा वर्षी शेल्टनबाईंचा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि हरला. दहा जिंकल्या, दहा हरल्या.

ही यादी वाचकांनी जरा सावकाश वाचावी. पहिले विजेतेपद मिळायला नऊ हंगाम लागले. १९८१ मध्ये आलेल्या बाईंना १९८९ पर्यंत कोणी काढून टाकले नाही. १९८९ मध्ये त्यांनी अंतिम सामन्यात अँडर्सबाईंच्या ओल्ड डोमिनियनला हरवले. दुसऱ्याच वर्षी अँडर्सबाईंनी ०–५ असा धुव्वा उडवून परतफेड केली आणि त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा हरवले. नंतर १९९३ आणि १९९४ असे आणखी दोनदा अगदी कडेला येऊन पाय घसरला. आणि मग १९९५, १९९६, १९९७ अशी लागोपाठ तीन विजेतेपदे आली. २००९ नंतर तर याहून वाईट दिवस आले. २०१०, २०११, २०१२ अशी ओळीने तीन वर्षे अंतिम सामना हरल्या, तिन्ही वेळा ३–२ असा, एकाच गोलाने. त्यांतले पहिले दोन जादा वेळेत गेले. २०१५ मध्ये पुन्हा, २०१६ मध्ये पुन्हा. नऊ वर्षे विजेतेपद नाही. त्या वेळी त्यांचे वय साठीच्या आसपास. तेथे कोणी म्हणालेच नसेल का, की बाई आता थकल्या, नवे रक्त आणा? पण खुर्ची हलली नाही, आणि पुढच्या पाच हंगामांत चार विजेतेपदे आली.

आपल्या लोकांचे काय होते ते यापुढे ठेवून पाहावे. हिंदुस्थानच्या पुरुष हॉकी संघाचे १९८० नंतर ऑलिंपिक पदक हरवले आणि ते शोधण्यासाठी आपण प्रशिक्षक बदलत बसलो. २०१३ च्या जुलैपासून २०१९ च्या जानेवारीपर्यंत साडेपाच वर्षांत सहा जणांनी ती खुर्ची सोडली : नॉब्स, वॉल्श, व्हॅन ॲस, ओल्टमन्स, मारिन्ये आणि हरेंद्र सिंग. व्हॅन ॲस यांना तर नीट बसायलाही मिळाले नाही, काही महिन्यांतच गेले. जिंकूनही सुटका नाही! १९९८ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत पुण्याजवळच्या खडकीचा आपला धनराज पिल्ले कर्णधार होता. बत्तीस वर्षांनी हिंदुस्थानला तिथे हॉकीचे सुवर्ण मिळाले, आणि परत आल्यावर प्रशिक्षक कौशिक यांना दूर केले, धनराजसह अनेक खेळाडूंना संघातून वगळले. मग ग्रॅहम रीड यांना दोन वर्षे सलग काम करू दिले, तर २०२१ मध्ये टोकियोत एकेचाळीस वर्षांनी पदक आले. त्याच टोकियोत मुलींना चौथ्या क्रमांकावर नेले ते मारिन्ये यांनीच, ज्यांना पुरुषांच्या संघावरून हलवले होते. माणूस तोच होता, त्याला या वेळी काम करायला वेळ मिळाला.

कोणी म्हणेल, देशाचा संघ आणि कॉलेजचा संघ यांत फरक आहे. आहेच. आणि अमेरिकेचे सगळे सोन्याचे असेही मी म्हणणार नाही. तिथल्या कॉलेजांकडे पैसा अमाप, आणि फुटबॉल–बास्केटबॉलच्या कमाईवर हॉकीसारखे खेळ जगतात. मोठ्या विद्यापीठांच्या संघांत नेदरलंड्स, जर्मनी, इंग्लंडच्या मुली बोलावून घेतात आणि स्वतःच्या गावातली मुलगी बाकावर बसते. इतका खटाटोप करूनही देशाचा संघ काही फार पुढे नाही. २०१९ च्या नोव्हेंबरात भुवनेश्वरला राणी रामपालच्या मुलींनी अमेरिकेला दोन सामन्यांत मिळून ६–५ असे हरवले आणि टोकियोला जाऊ दिले नाही. (त्याची परतफेड २०२४ च्या जानेवारीत रांचीला झाली. तेव्हा अमेरिका पॅरिसला गेली आणि आपल्या मुली घरी राहिल्या.) तेव्हा त्यांची पद्धत उचलून आणावी असे मुळीच नाही. माझे म्हणणे शिकवणाऱ्याविषयी आहे.

आणि पैसा हे संपूर्ण उत्तर नाही, याला पुरावा आहे. १९७२ पर्यंत अमेरिकेतही मुलींच्या खेळाला कोणी विचारत नव्हते. बहुतेक ठिकाणी व्यायामाच्या शिक्षिकाच वेळ काढून संघ सांभाळत. त्या वर्षी 'टायटल नाइन' नावाचा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने मुलगा आणि मुलगी असा भेद करू नये, एवढेच त्यात म्हटले होते. त्यातून मुलींच्या संघांना मैदाने मिळाली, शिष्यवृत्त्या मिळाल्या, प्रशिक्षकांना पगार मिळू लागले. पण पगार येताच एक चमत्कारिक गोष्ट झाली. १९७२ मध्ये कॉलेजातील मुलींच्या शंभर संघांपैकी नव्वदहून अधिक संघ बायका शिकवत होत्या, आणि पुढे ते प्रमाण निम्म्याच्याही खाली आले. बिनपगारी होते तोवर ते बायकांचे काम, पगारी झाले की पुरुषांचे! उसाच्या मळ्यांतून राबलेल्या आपल्या आज्यापणज्यांना हा न्याय नवा वाटला नसता. हॉकीत मात्र बायकांनी जागा बरीचशी धरून ठेवली, आणि शेल्टन व अँडर्स यांच्यासारख्यांचा त्यात मोठा वाटा आहे. अँडर्सबाईंची विजेतेपदे नऊ, निवृत्ती २०१२ मधली. मैत्रिणीपेक्षा एकाने कमी.

आता त्या शिष्येची गोष्ट. एरिन मॅटसन ही शेल्टनबाईंच्या शेवटच्या चारही विजेत्या संघांत होती. भुवनेश्वरला हरलेल्या अमेरिकेच्या संघातही होती. २०२२ च्या अंतिम सामन्यात अगदी शेवटच्या मिनिटांत विजयाचा गोल तिनेच केला. डिसेंबरात बाई निवृत्त झाल्या आणि २०२३ च्या जानेवारीत विद्यापीठाने त्या जागेवर मॅटसनला नेमले. वय बावीस! काल ज्या मुलींबरोबर एका खोलीत कपडे बदलत होती, त्यांचीच आज ती प्रशिक्षक झाली. भुवया अनेकांच्या उंचावल्या. माझ्याही उंचावल्या असत्या. अनुभवी माणसे रांगेत असताना एवढ्या लहान मुलीच्या हाती दहा विजेतेपदांचे घर देणे हा धाडसाचा की वेडेपणाचा निर्णय, याचे उत्तर मला तेव्हा देता आले नसते. पण १९८१ मध्ये शेल्टन स्वतः तेवीस वर्षांच्या होत्या, हे लोक विसरले होते. २०२३ च्या नोव्हेंबरात अंतिम सामना शेल्टनबाईंच्याच नावाच्या मैदानावर झाला. नॉर्थवेस्टर्नशी १–१ अशी बरोबरी झाली, निकाल शूटआउटवर लागला आणि मॅटसनच्या मुली जिंकल्या.

माझ्या दृष्टीने त्या बेचाळीस वर्षांचा खरा ताळेबंद हा आहे. जागा सोडताना ती चालवणारे माणूस तयार होते. आपल्या कितीतरी संस्थांत अध्यक्षांचे पाय चालत नाहीत तरी खुर्ची सुटत नाही, आणि सुटते तेव्हा किल्ल्या कोणाकडे द्यायच्या ते कोणाला ठाऊक नसते. असो. तो विषय वेगळा आहे आणि त्यावर लिहिले तर लग्नांची आमंत्रणे बंद होतील.

आपल्या बेटावर माध्यमिक शिक्षण १९७७ मध्ये मोफत झाले आणि आपल्या मुली धडाधड शिकू लागल्या. ज्या घरांत आजीला अंगठा उठवावा लागला तिथे नात डॉक्टर झाली. त्याचा आनंद कोणाला नाही? पण त्याच वेळी शिकवणी नावाचे एक दुसरे पीक उसापेक्षा जोमाने वाढले. कॉलेज सुटले की शिकवणी, शनिवारी शिकवणी, सुट्टीत शिकवणी. फॉर्म थ्रीपर्यंत खेळणारी मुलगी फॉर्म फोरमध्ये मैदानावरून नाहीशी होते. मुलगा खेळला तर निदान 'जाऊ दे, मुलगाच आहे' म्हणतात. मुलीला तेवढेही नाही. ऊन लागेल, रंग काळवंडेल, उशीर होईल, लोक काय म्हणतील. परीक्षा जवळ आली की आपण पहिला कोणाचा तास कापतो? खेळाच्या मास्तरांचा. २००८ साली बीजिंगला ब्रुनो जूलीने मुष्टियुद्धात मॉरिशसला पहिले ऑलिंपिक पदक मिळवून दिले, ते आपण सर्वांनी टीव्हीसमोर नाचून साजरे केले. त्याला शिकवणाऱ्याचे नाव सांगा, असे मी त्या लग्नघरी विचारले असते तर कितीजणांना आले असते? मलाही आले नसते, हे कबूल करतो.

प्रत्येक मुलीने ऑलिंपिकला जावे असे मी म्हणत नाही. शेल्टनबाईंच्या शेकडो मुलींपैकी बहुतेक मुली वकील, शिक्षिका, डॉक्टर, आया झाल्या असतील. पण एका गोलाने हरून पुढच्या सोमवारी पुन्हा मैदानावर यायचे असते, ही गोष्ट कोणत्या शिकवणीत शिकवतात? परीक्षेत नापास झालेले मूल आपल्या बेटावर घराचे दार लावून बसते, आणि आईबाप आठवडाभर शेजाऱ्यांना तोंड दाखवत नाहीत. हरण्याची सवय, आणि हरूनही लाज न वाटण्याची सवय, आपल्या घरांत नाही. ती शिकवणारा माणूस अर्धा मास्तर कसा?

हळदीच्या रात्री जेवणे झाल्यावर तो तरुण मला अंगणात भेटला. मी विचारले, "बाळा, शिकवतोस काय?" म्हणाला, "व्हॉलीबॉल, काका. मुलींना." "किती आहेत?" "जानेवारीत सोळा नावे येतात. जुलैपर्यंत सात उरतात." सामन्याला सहा लागतात. म्हणजे एकीला ताप आला तरी चालते, दोघींना आला तर नाही.

मग जरा घुटमळून म्हणाला, "त्या सातांतल्या एकीचे वडील तुमच्या ओळखीचे आहेत. तिला पुढच्या महिन्यापासून पाठवणार नाही म्हणतात. तुम्ही एकदा बोलाल का?"

येत्या रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे जाणार आहे. चहाला थांबवतील, तेव्हा विषय काढीन.